भंडाऱ्याचा काळा दगड आणि विजेचा सांठा

भंडारा जिल्ह्याचें नांव निघालें कीं वैनगंगेचें रुंद पात्र, धानाचीं शेतें, मालगुजारी तलाव, कोशाचें रेशीम आणि पितळी भांडीं हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. हा मुलूख पाण्याचा व तांदळाचा, अशी त्याची ख्याति जुनी आहे. परंतु तुमसरहून उत्तरेस गोबरवाहीच्या वाटेला लागलें म्हणजे या चित्रांत एक निराळा रंग मिसळूं लागतो. सातपुड्याचे पायथ्याचे डोंगर जवळ येतात, वाटेवरची धूळ काळवंडते, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग या गांवांपाशीं जमिनीच्या पोटांतून निघालेल्या काळ्या दगडाचे ढीग दिसूं लागतात. हा दगड उचलून पाहिला तर आकाराच्या मानानें फार जड लागतो, आणि हातांतून खालीं ठेवला तरी बोटांवर काजळीसारखा डाग मागें राहतो. हेंच मँगनीजचें खनिज.

या दगडाचा इतिहास सुमारें सव्वाशें वर्षांचा आहे आणि त्याचीं तीन पर्वें पडतात. पहिल्या पर्वांत तो परदेशच्या पोलादाच्या भट्ट्यांत गेला. दुसऱ्या पर्वांत तो हातबत्तीच्या सेलांत मसाला होऊन बसला. तिसरें पर्व अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे; त्यांत वीज सांठविण्याच्या एका नव्या साधनावर या द्रव्याचा अत्यंत पातळ लेप चढविला जात आहे. पहिल्या पर्वांत माल वाघिणींनीं मोजला, दुसऱ्यांत पोत्यांनीं, आणि तिसऱ्यांत तो मिलिग्रॅमांनीं मोजावा लागतो. माप असें उतरत गेलें आणि मोल चढत गेलें. हें चढलेलें मोल कोणाच्या पदरांत पडलें व पुढें कोणाच्या पदरांत पडणार, हाच या इतिहासांतला खरा प्रश्न आहे.

मँगनीजशीं मनुष्याची ओळख तशी फार जुनी. फ्रान्समधील लास्को येथील गुहाचित्रांतल्या काळ्या रंगांत त्याचा अंश सांपडतो. कांच ओतणाऱ्या कारागिरांनाहि हा दगड ठाऊक होता. लोहाच्या अंशामुळें कांचेवर येणारी हिरवट झांक याच्या चिमूटभर पुडीनें नाहींशी होते, म्हणून ते त्याला कांचेचा साबण म्हणत. १७७४ सालीं स्वीडनमधील शेले या रसायनज्ञानें या दगडांत एक नवें मूलद्रव्य असल्याचें ओळखलें, आणि त्याच वर्षीं त्याचा मित्र गान यानें तें धातुरूपानें वेगळें केलें. तथापि बाजारांत या द्रव्याला खरी किंमत आली ती पोलादामुळें. १८५६ मध्यें बेसेमर यानें पोलाद करण्याची जलद रीत काढली. परंतु तिच्यांतून निघणाऱ्या पोलादांत प्राणवायु व गंधक राहून जाई आणि तें ठिसूळ होई. रॉबर्ट मशेट यानें तप्त रसांत मँगनीजयुक्त लोखंड मिसळून तो दोष घालविला. पुढें १८८२ मध्यें शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यानें शेंकडा बारा-तेरा भाग मँगनीज असलेलें पोलाद तयार केलें. तें जितकें ठोकावें तितकें कठीण होई. म्हणून रेल्वेच्या रुळांचे सांधे आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे त्याचे होऊं लागले. युरोपच्या भट्ट्यांना मँगनीजची भूक लागली, आणि ती भागविण्याच्या कामीं हिंदुस्थानचे डोंगर आले.

हिंदुस्थानांत मँगनीज खणण्यास प्रारंभ १८९२ मध्यें विजयनगरम्‌च्या बाजूस झाला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८९६ मध्यें, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही इंग्रज व्यापाऱ्यांची मंडळी स्थापन झाली आणि मध्यप्रांतांतील नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांचे डोंगर धुंडाळले जाऊं लागले. खनिजाचा हा पट्टा सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा हावड्याकडे जाणारा मार्ग तुमसर रोडवरून जात होता. तेथून तिरोडीच्या बाजूस फांटा निघाला, आणि ज्या रानांत बैलगाडीचें चाक रुते तेथून दगडाच्या वाघिणी भरून जाऊं लागल्या. इतक्यांत जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या गोष्टींनीं या रानाचें दैव फिरविलें. १९०४-०५ चें रशिया-जपान युद्ध आणि त्यापाठोपाठची रशियांतील बंडाळी यांमुळें कॉकेशसच्या खाणींतून होणारा पुरवठा विस्कळित झाला. मँगनीजचे भाव चढले आणि मध्यप्रांताचा दगड जगाच्या बाजारांत पुढें आला. तुमसरच्या धानबाजाराला जो चढउतार पावसाच्या मर्जीनें कळे, तो आतां परमुलखांतल्या लढायांच्या मर्जीनेंहि कळूं लागला.

या सर्व खनिजाचा शास्त्रीय परामर्श घेण्याचें काम भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यांतील लुईस ली फर्मर या तरुण अधिकाऱ्यानें केलें. त्याचा भारतांतील मँगनीज खनिजांवरील हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ १९०९ मध्यें प्रसिद्ध झाला. कोट्यवधि वर्षांपूर्वीं एका प्राचीन जलाशयाच्या तळाशीं मँगनीजयुक्त गाळ सांचला. पुढें तो भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें भाजून निघाला आणि त्याचे कठीण खडक बनले, अशी त्यांची उत्पत्ति आहे. त्यांपैकीं गारेच्या व मँगनीजयुक्त गार्नेटच्या कणांनीं बनलेल्या एका खडकाला फर्मरनें ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. या प्रदेशांतील मूळच्या गोंड लोकांवरून तें पडलें. आज जगांत कोठेंहि भूशास्त्राचा विद्यार्थी हें नांव शिकतो. परंतु ज्यांच्या नांवानें खडक प्रसिद्ध झाला त्यांच्यापैकीं अनेकांच्या वांट्याला मात्र त्या दगडाचें मोल आलें नाहीं. त्याचें ओझें आलें. पुरुषांनीं पहारीनें व घणानें दगड फोडावा, बायकांनीं टोपल्या डोक्यावर घेऊन तो वर आणावा, आणि चांगला दगड हातानें निवडून चौकोनी ढिगांत रचावा, अशी कामाची रीत होती. ढीग मोजून मजुरी मिळे.

रचलेला माल मुंबईस किंवा कलकत्त्यास जाई व तेथून जहाजानें परदेशीं रवाना होई. १९३३ मध्यें विशाखापट्टणचें बंदर खुलें झालें तेंहि मुख्यतः मध्यप्रांताच्या मँगनीजला जवळची वाट मिळावी म्हणून. मधल्या काळांत सिंडिकेटचें रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनींत झालें होतें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत पोलादाची मागणी कोसळली, तशा येथील कित्येक खाणी बंद पडल्या. ज्या गांवानें शेती सोडून खाण धरली होती त्याला पुन्हां नांगराकडे पाहावें लागलें. दगडाला पाय फुटून तो सातासमुद्रांपलीकडे गेला होता. त्याच्याबरोबर गांवाचें पोट परक्या भट्टीच्या दाराशीं गहाण पडलें होतें.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था पालटली. १९६२ मध्यें भारत सरकार, महाराष्ट्र व मध्यप्रदेश हीं राज्यें आणि जुनी कंपनी यांच्यामध्यें करार होऊन ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’ ही संस्था जन्मास आली. तिच्यांत शेंकडा ५१ हिस्सा सरकारांचा व ४९ हिस्सा जुन्या कंपनीचा होता. १९७७ मध्यें तो उरलेला हिस्साहि सरकारनें घेतला. ‘मॉइल’ या नांवानें ती संस्था आज ओळखली जाते. २०१० मध्यें तिचे कांहीं शेअर लोकांना विकण्यांत आले. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या भंडारा जिल्ह्यांतील खाणी तिच्याच आहेत.

यांपैकीं डोंगरी बुजुर्गचा दगड दुसऱ्या पर्वाचा नायक आहे. येथील उघड्या खाणींतून जें खनिज निघतें त्यांत मँगनीजच्या डायऑक्साइडचें प्रमाण मोठें असतें. पोलादवाल्यांना मँगनीज हा धातु हवा असतो. सेल करणाऱ्यांना त्याच्याशीं जडलेला प्राणवायु हवा असतो. १८६६ मध्यें फ्रान्सच्या जॉर्जेस लेक्लांशे यानें जो विद्युत्‌घट तयार केला, त्यांत जस्त एका अंगाला, कोळशांत कालविलेला मँगनीज डायऑक्साइड दुसऱ्या अंगाला, आणि मध्यें नवसागराचें पाणी अशी योजना होती. जस्त झिजतां झिजतां वीज देतें, व डायऑक्साइड ती पलीकडून स्वीकारून स्वतः पालटत जातो. पुढें १८८० नंतरच्या दशकांत कार्ल गासनर यानें त्यांतील सांडणाऱ्या पाण्याऐवजीं लगदा वापरला आणि कोरडा सेल निर्माण झाला. रात्रीं शेतावर राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांतली बत्ती आणि घरांतला लहान रेडिओ या दोहोंच्या पोटांत हाच काळा मसाला बसला.

तथापि खाणींतून निघालेला दगड जसाच्या तसा उत्तम सेलाला चालत नाहीं. त्यांत लोह व इतर अशुद्ध द्रव्यें असतात. म्हणून मॉइलनें डोंगरी बुजुर्ग येथेंच देशी तंत्रानें विद्युत्‌शुद्ध मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना उभारला. त्याची क्षमता वर्षाला १,००० टनांची ठेवण्यांत आली. या कृतीचा क्रम सर्वसाधारणपणें असा असतो. दगड दळून कोळशाबरोबर तापवितात, म्हणजे त्यांतील कांहीं प्राणवायु निघून जातो व तो गंधकाम्लांत विरघळण्याजोगा होतो. त्या द्रावणांतून लोहादि मळ काढून टाकतात. मग उकळीच्या जवळपास तापविलेल्या त्या द्रावणांतून वीज सोडतात. त्याबरोबर ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि धनाग्रावर काळा डायऑक्साइड थरावर थर चढूं लागतो. तापल्या दुधावर साय धरावी तसा तो धरतो. कित्येक दिवस थर जाड होऊं देतात, आणि मग तो खरवडून, धुवून, दळून पोत्यांत भरतात.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण तिसऱ्या पर्वाचें बीज या सायींतच आहे. त्याकरितां प्रथम विजेच्या दोन प्रकारच्या सांठ्यांतला भेद ध्यानीं घ्यावा लागतो. सेल किंवा बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी आहे. तिच्यांत पुष्कळ मावतें, पण भरावयास व उपसावयास वेळ लागतो. कारण आंतील द्रव्याचेंच रूप पालटावें लागतें. दुसरें साधन म्हणजे धारित्र, ज्याला कपॅसिटर म्हणतात. १७४५-४६ च्या सुमारास युरोपांत निघालेली लेडनची बरणी हा त्याचा आद्य नमुना. तें देवळांतल्या पंचपात्रीसारखें आहे. एका क्षणांत भरतें, एका क्षणांत रितें होतें, पण त्यांत मावतें फारच थोडें. कणगीइतकें मावावें आणि पंचपात्रीइतक्या त्वरेनें ओतावें, असें कांहीं साधतां येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें होता.

उत्तराचा पहिला धागा जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ याच्या विचारांत होता. विद्युत् अग्र द्रावणांत बुडविलें म्हणजे त्याच्या पृष्ठावर एका अंगानें धातूंतला भार व दुसऱ्या अंगानें द्रावणांतले आयन असे दोन पदर समोरासमोर उभे राहतात. त्यांमधील अंतर जवळजवळ रेणूएवढेंच असतें; म्हणून सांठा मोठा होतो. पृष्ठ जितकें विस्तीर्ण, तितका तो अधिक. सच्छिद्र केलेल्या एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांची भिंत पसरली तर ती हजार चौरस मीटरांहून अधिक भरते. अमेरिकेंत १९५७ मध्यें बेकर यानें अशा कोळशाच्या धारित्राचें पेटंट घेतलें, आणि १९७८ च्या सुमारास जपानच्या एनईसी कंपनीनें ‘सुपरकपॅसिटर’ या नांवानें तें बाजारांत आणलें. ब्रेक लावतांच मोटारींत वा आगगाडींत जी शक्ति उष्णता होऊन वायां जाते ती झेलून ठेवणें, आणि निघतांना तोच जोर परत देणें, अशा कामीं हें साधन उपयोगी पडूं लागलें. लाखों वेळां भरलें व रिकामें केलें तरी तें थकत नाहीं.

दुसरा धागा ऑक्साइडांच्या अभ्यासांतून आला. १९७१ मध्यें इटलींतील त्रासाती व बुझान्का यांनीं रुथेनियम ऑक्साइडच्या पटलाचा एक विलक्षण गुण नोंदविला. तें वागतें धारित्रासारखें चपळ, परंतु सांठवितें मात्र रासायनिक पालटानें, बॅटरीसारखें. कॅनडांतील ब्रायन कॉनवे यानें या गुणाचा पुढें सखोल विचार केला. परंतु रुथेनियम हा अत्यंत दुर्मिळ व महाग धातु. हेंच काम करणारें स्वस्त, विपुल व निरुपद्रवी द्रव्य कोणतें, याचा शोध सुरू झाला. आणि १९९९ मध्यें ली व गुडइनफ यांनीं तें दाखवून दिलें. साध्या पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यांत मँगनीज डायऑक्साइडनें दर ग्रॅमला सुमारें २०० फॅरड इतकी धारिता दिली. गुडइनफ यांना पुढें २०१९ मध्यें लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या दगडाला शंभर वर्षें भट्टींत टाकीत आले त्याच जातीचें द्रव्य असें नव्या मानानें पुढें आलें.

यानंतर जें निष्पन्न झालें तें भंडाऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत मोठें आहे. हिशेबानें मँगनीज डायऑक्साइडच्या एका ग्रॅमनें सुमारें १,३७० फॅरड दिले पाहिजेत. जाड थरांत तो दीडशेंच्या आसपासच देतो. असें कां व्हावें? २००० सालीं पँग, अँडरसन व चॅपमन यांनीं त्याचें पातळ पटल करून ६९८ फॅरडपर्यंत मजल मारली. २००४ मध्यें तूपँ, ब्रूस व बेलांजे यांनीं अत्यंत पातळ पटल घेऊन जवळजवळ पूर्ण हिशेब मिळविला, आणि त्याचें कारणहि उलगडून दाखविलें. डायऑक्साइड हा विजेचा मंद वाहक आहे. द्रावणांतले आयन त्याच्या पृष्ठाच्या अगदीं वरच्या थरांतच शिरूं शकतात. खालचा जाड थर नुसता भार होऊन बसतो. काम करते ती वरची साय. डोंगरी बुजुर्गच्या हौदांत जी क्रिया कित्येक दिवस चालवून थर जाड करतात, तीच क्रिया येथें थोड्या वेळांतच थांबवावी लागते. कोठें थांबावें हें जाणणें, हीच या तिसऱ्या पर्वाची सारी विद्या आहे.

ही विद्या परदेशांतच राहिली असें मात्र नाहीं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत डॉ. चंद्रकांत लोखंडे व त्यांचे विद्यार्थी यांनीं पातळ पटलांच्या अभ्यासाची मोठी परंपरा निर्माण केली. योगायोग असा कीं हें विद्यापीठ आणि मॉइल या दोहोंचें जन्मवर्ष एकच, १९६२. महागड्या निर्वात यंत्रांवांचून, साध्या कांचपात्रांत पटल चढविण्याच्या रीतींवर तेथें भर देण्यांत आला. एक पट्टी घ्यावी, ती धातूच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, धुवावी, दुसऱ्या द्रावणांत बुडवावी, पुन्हां धुवावी; प्रत्येक फेऱ्याला एक सूक्ष्म थर चढतो. रंगारी सुताला रंगाचे हात देतो तसेंच हें आहे. मँगनीजसह अनेक धातूंच्या ऑक्साइडांचीं पटलें अशा सोप्या रीतींनीं तेथें झालीं, आणि २०११ मध्यें डॉ. लोखंडे व सहकाऱ्यांनीं अशा पटलांच्या सुपरकपॅसिटरांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. उपकरणांच्या श्रीमंतीवांचूनहि हें शास्त्र साधतें, ही गोष्ट त्यांतून सिद्ध झाली.

येथें उत्साहाला थोडा लगामहि घातला पाहिजे. सुपरकपॅसिटरांत वजनाच्या मानानें लिथियम बॅटरीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच वीज मावते. तो बॅटरीची जागा घेणारा नव्हे, तिचा सोबती आहे. मँगनीजचें पटल वारंवार वापरानें द्रावणांत थोडें थोडें विरघळतें, आणि बाजारांतील बहुतेक सुपरकपॅसिटर आजहि कोळशाचेच असतात. प्रयोगशाळेंत लागतात ते मँगनीजचे शुद्ध क्षार. खाणींतला दगड तेथें थेट जात नाहीं. आणि जगांत निघणाऱ्या मँगनीजपैकीं सुमारें नऊ दशांश भाग अजूनहि पोलादाच्याच कामीं येतो. म्हणजे नवें पर्व आलें म्हणून जुनें संपलें असें नाहीं.

परंतु याच विवेचनांतून जुना प्रश्न अधिक धारदार होऊन पुढें येतो. दगड एकदां खणला कीं पुन्हां उगवत नाहीं. वैनगंगेला दर पावसाळ्यांत पूर येतो, धानाचें पीक दर वर्षीं उभें राहतें. खाण मात्र वर्षागणिक खोलच होत जाते. तिच्या धुळीचेंहि देणें असतें. १८३७ मध्येंच ग्लासगोच्या जेम्स कूपर यानें मँगनीजची पूड करणाऱ्या कामगारांत स्नायूंचें दौर्बल्य व चालींतला अडखळता दोष पाहून त्याची नोंद केली होती. ही धूळ दीर्घकाळ श्वासाबरोबर गेली तर मज्जातंतूंना इजा होते, हें आतां वैद्यकानें मान्य केलें आहे. म्हणून दगड ओला करून फोडणें, तोंडानाकाला आच्छादन देणें आणि कामगारांची वेळच्या वेळीं तपासणी करणें, या गोष्टी उपकाराच्या नव्हेत, कर्तव्याच्या आहेत. २०१५ मध्यें खाणकायद्यांत दुरुस्ती होऊन खाणपट्टेदारांनीं स्वामित्वधनाखेरीज एक ठराविक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत भरावी व ती खाणीची झळ पोंचलेल्या गांवांच्या कामीं लागावी, अशी तरतूद झाली. हें पाऊल योग्य दिशेचें आहे.

तथापि पैशाची भरपाई एक, आणि विद्येचा वांटा दुसरा. पहिल्या पर्वांत भंडाऱ्यानें दगड दिला व पोलादाची विद्या शेफील्डकडे राहिली. दुसऱ्या पर्वांत डोंगरी बुजुर्गच्या हौदांत निदान शुद्धीकरणाची विद्या गांवापर्यंत आली. हें अंतर थोडें नव्हे. तिसऱ्या पर्वांत लागणारें साहित्य तर त्याहून सुटसुटीत आहे : कांचपात्र, शुद्ध क्षार, थोडी वीज आणि बारकाईनें पाहणारी नजर. यांपैकीं कोणतीहि वस्तु तुमसरच्या किंवा भंडाऱ्याच्या महाविद्यालयाच्या आवांक्याबाहेरची नाहीं. ज्या मुलाच्या आजीनें डोक्यावर टोपली घेऊन हा दगड वाहिला, त्यानें त्याच्या एका मिलिग्रॅमची साय धरून तिच्यांत वीज सांठवून पाहावी, अशी सोय गांवच्या शाळेपासून झाली पाहिजे. खाणीचें पोट कधीं ना कधीं रितें होईल. त्यापूर्वीं गोबरवाहीच्या वाटेवरच्या शाळांतून ही विद्या रुजली, तर या काळ्या दगडानें जिल्ह्याचें कांहीं देणें फेडलें असें म्हणतां येईल.